पिंपळ शंभर टक्के, मग रेन ट्री शून्य?

‘पिंपळ 100 टक्के कार्बन डायऑक्साइड शोषतो, वड 80, कडुनिंब 75. पिंपळ रात्रीही ऑक्सिजन देतो. सरकारने 68 वर्षांत ही झाडं लावलीच नाहीत, विदेशी झाडांनी शहरं तापवली.’ हा मेसेज तुम्हालाही आला असेल. मी आजवर न वाचता पुसत होतो. पण गेल्या रविवारी बाबांनी तो सोसायटीच्या सभेत मोठ्याने वाचून दाखवला, आणि अंगणातला रेन ट्री, म्हणजे छत्रीसारखा पसरणारा विदेशी वृक्ष, काढून त्याऐवजी पिंपळ लावायला अकरा हात वर झाले. म्हणून हे लिहिणं.

टक्के कशाचे? हवेत कार्बन डायऑक्साइड असतो जेमतेम 0.04 टक्के. तो शंभर टक्के पिंपळानेच गिळला, तर वड आणि कडुनिंब जेवणार काय?

68 वर्षांचं तर सोडाच. मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय, आकडा तिथेच.

आता रात्रीचा ऑक्सिजन. झाड ऑक्सिजन सोडतं ते पाणी फोडून, आणि त्याला उजेड लागतो. अंधारात पिंपळही आपल्यासारखाच ऑक्सिजन घेतो. निवडुंग, अननस रात्री कार्बन डायऑक्साइड आत ओढून आम्लाच्या रूपात साठवतात खरे, पण ऑक्सिजन बाहेर पडतो तो उजाडल्यावरच.

मुळात शहरातलं झाड ऑक्सिजनसाठी नसतंच. अमेरिकेच्या वनसेवेतले डेव्हिड नोवाक आणि सहकाऱ्यांनी 2007 साली हिशोब मांडला: तिथल्या शहरांतली झाडं वर्षाला सुमारे 6.1 कोटी टन ऑक्सिजन तयार करतात. आणि पुढे त्यांनीच सांगितलं की या फायद्याला फारसा अर्थ नाही, कारण वातावरणात ऑक्सिजनचा साठा आधीच प्रचंड आहे. झाडांची खरी कामं वेगळी.

ती बघायला आमच्या अंगणात एप्रिलमध्ये दुपारी दोनला या. इस्त्रीवाल्याचं टेबल रेन ट्रीखाली. वॉचमनची खुर्ची सावलीबरोबर सरकत जाते. झाडाखालच्या स्कूटरवर सरळ बसता येतं, गेटजवळच्या स्कूटरवर फडकं टाकावं लागतं. पानं पाणी बाहेर टाकतात, त्यात हवेतली उष्णता खर्ची पडते. घामाने अंग निवतं तसंच. मोठ्या पसाऱ्यावर पहिला पाऊस अडतो, धूळ बसते. या कामाला झाडाचा पासपोर्ट लागत नाही. लागतो तो पसारा, आणि तो पिंपळाच्या रोपाला यायला किती वर्षं लागतील ते ठराव मांडणाऱ्यांनी सांगावं. शिवाय रोप लावायचं कुठे, तर कंपाउंडच्या भिंतीलगत! ड्रेनेजच्या पाइपमागे उगवलेले पिंपळ उपटायला हीच कमिटी दर पावसाळ्यात माणूस बोलावते.

एक मान्य करतो, नाइलाजाने. विदेशी झाडं डोळे मिटून लावली गेली. पुण्याच्या टेकड्यांवरचा गिरिपुष्प बघा. गुलमोहराच्या फांद्या वादळात मोडतात. आणि पिंपळ-वडाच्या फळांवर जेवढे पक्षी जगतात तेवढे रेन ट्रीवर जगत नाहीत. तेव्हा मोकळ्या जागी पिंपळ जरूर लावा, मी खड्डा खणायला येतो. पण उभं झाड पाडून नाही.

आणि हो, अकरा हातांनी झाड पडत नाही. महाराष्ट्राच्या 1975 च्या झाडांच्या कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. 2021 च्या दुरुस्तीने पन्नास किंवा त्याहून जास्त वर्षांचं झाड हेरिटेज, म्हणजे वारसा वृक्ष, ठरतं, आणि आमचा रेन ट्री बाबांच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा चांगला दोन मजले उंच दिसतो. पुढच्या सभेला तो फोटो मी घेऊन जाणार आहे.