मॉरिस ट्रॅव्हलरचं लाकूड शोभेचं नाही
लेखात मॉरिस मायनर ट्रॅव्हलर या जुन्या ब्रिटिश मोटारीच्या (१९५३ ते १९७१) लाकडी पट्ट्यांना ‘सजावट’ म्हटलंय, ते चूक आहे. मिनी ट्रॅव्हलर या दुसऱ्या मोटारीच्या पट्ट्या वरून चिकटवलेल्या. मॉरिसचा मात्र मागचा अख्खा सांगाडाच अ‍ॅश झाडाच्या लाकडाचा, अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे त्यावर बसवलेले. म्हणूनच, २०१८ मध्ये इतक्या जुन्या गाड्यांना सूट मिळेपर्यंत, लाकूड कुजलं की ब्रिटनमधल्या सक्तीच्या वार्षिक तपासणीत गाडी नापास व्हायची. घेताना आधी मागच्या सरकत्या काचांच्या खाचा बघा. तिथे पाणी साचून चक्क शेवाळ धरतं आणि खालचं लाकूड आतून भुसभुशीत होतं. वॉर्निशखाली काळा डाग दिसला तर सांध्याजवळ टोचा दाबा. सहज रुतला तर तो तुकडा बदलायलाच हवा. लांबी (पुट्टी) भरून वर वॉर्निश मारलेली गाडी कितीही चकचकीत असो, कृपया घेऊ नका.