"थेट ट्रक भरून पाठवा" म्हणणाऱ्या मेसेजला माझं उत्तर

गेल्या आठ-दहा दिवसांत एकच मेसेज मला चार ग्रुपवर आलाय. शाळेच्या बॅचचा ग्रुप, सोसायटीचा, भिशीचा, आणि काल तर पुराच्या वेळी आम्ही मदतीसाठी काढलेल्या ग्रुपवरसुद्धा. मेसेज लांबलचक आहे, थोडक्यात सांगते. निर्वासित मुलं, अनाथ मुलं यांच्या नावानं जगभर 'समन्वय' नावाचा धंदा चाललाय, मीटिंगा आणि याद्यांतच सगळा पैसा जातो. ही मुलं तशीही श्रीमंत देशांत जाऊन बसतात. त्यापेक्षा घरातलं सामान ट्रक भरून थेट पाठवा, आईबाप नसलेली पोरं थेट घरी आणा. आणि शेवटी, परक्या देशातल्या पोरांशी आपला काय संबंध, आधी आपली बघा.

पुराच्या ग्रुपवर ज्या अण्णांनी तो टाकला ते मनानं लै चांगले आहेत, पुरात स्वतःचा टेम्पो घेऊन चार दिवस फिरत होते. म्हणूनच नीट उत्तर द्यायचं ठरवलं, कारण चांगल्या माणसाला हा मेसेज पटतोय हीच मला काळजी वाटते.

आधी ते श्रीमंत देशांचं बघू, कारण ते चटकन होईल. 2024 च्या अखेरीला जगात घरदार सोडावं लागलेली माणसं 12 कोटी 32 लाख होती, हा यूएनएचसीआरचा म्हणजे युनोच्या निर्वासितांसाठीच्या संस्थेचा आकडा, आणि त्यात सुमारे 40 टक्के मुलं. यातले बहुतेक लोक स्वतःच्याच देशात दुसरीकडं गेलेले असतात, आणि जे सीमा ओलांडतात त्यातले बरेचसे शेजारच्या देशात थांबतात, जो देश स्वतःच गरीब किंवा मध्यम असतो. म्यानमारमधले रोहिंग्या बांगलादेशात, सीरियातले लोक तुर्कस्तान, लेबनॉन आणि जॉर्डनमध्ये, व्हेनेझुएलाचे कोलंबियात. विमानात बसून युरोपला जाणारं पोर हे चित्र मेसेज लिहिणाऱ्याच्या डोक्यातलं आहे.

आता मुख्य मुद्दा, समन्वय म्हणजे पैसे खाणं. हे खोटं आहे असं मी कागदावरून सांगत नाही. 2025 च्या सप्टेंबरात आपल्या सोलापूर जिल्ह्यात सीना नदीला पूर आला, लांबोटीजवळ पुणे हायवे बंद पडला, माढा, मोहोळ, करमाळ्याकडची गावं पाण्यात गेली, तेव्हा आम्ही पाच-सहा जणी एका शाळेत काढलेल्या निवारा केंद्रावर होतो. रस्त्याला लागून असलेलं गाव, त्यामुळं सगळ्या गाड्या तिथंच थांबायच्या. तिथं सहावीतली एक मुलगी होती, तिच्याजवळ तीन नवी दप्तरं होती, तीन वेगवेगळ्या मंडळांनी दिलेली, तीन पाण्याच्या बाटल्या, आणि पुस्तक एकही नाही. तिनं बालभारतीचं भिजलेलं पुस्तक पत्र्यावर वाळत घातलं होतं, पान पानाला चिकटलेलं, ती एकेक पान काडीनं सोडवत बसली होती. आणि तिथून आत, चिखलाच्या रस्त्यानं चार किलोमीटरवर जी वस्ती होती, तिथल्या पोरांना पाचव्या दिवसापर्यंत एक दप्तर मिळालं नव्हतं, कारण तिकडं पोरं आहेत हे कुठल्याच मंडळाला माहीत नव्हतं. कुणी पैसे खाल्ले नाहीत, कुणी वाईट वागलं नाही, फक्त कुणी कुणाला विचारलं नाही.

समन्वय म्हणजे एवढंच, की तुम्ही कुठं चाललाय, आम्ही कुठं जाऊ, कोण राहिलं.

हेच देशादेशांत करायचं तर काम शंभरपट अवघड होतं. सीरियाचं बघा, आसपासच्या पाच देशांत माणसं पसरलेली, आता एका देशानं शाळेत घेतलं आणि दुसऱ्यानं दाखला मागितला तर त्याच कुटुंबातला एक भाऊ शिकतो आणि दुसरा कामाला लागतो. म्हणून 2015 पासून तुर्कस्तान, लेबनॉन, जॉर्डन, इराक आणि इजिप्त या पाचही देशांसाठी एक सामाईक आराखडा केला गेला. जॉर्डन आणि लेबनॉननं काय केलं, तर शाळा दोन पाळ्यांत चालवल्या, सकाळी तिथली पोरं, दुपारी सीरियाची. गिरण्यांच्या गावातल्या माणसाला पाळी म्हणजे काय हे मी समजवायला नको, इमारत तीच, बाकडी तीच, फक्त कुणीतरी बसून वेळापत्रक करावं लागतं, मास्तरांच्या पगाराची सोय करावी लागते. त्या बसण्यालाच मेसेजवाले मीटिंग म्हणून हिणवतात.

कागदाचंही तेच. कोलंबियात व्हेनेझुएलाच्या आईबापांना जी मुलं झाली त्यांना कुठल्याच देशाचं नागरिकत्व मिळेना, तिकडच्या वकिलाती बंद. 2019 च्या ऑगस्टमध्ये कोलंबियानं अशा 24 हजारांवर मुलांना आपलं नागरिकत्व द्यायचा निर्णय घेतला. ट्रकभर बिस्किटांनी हे झालं नसतं. बिस्किट दोन दिवसांत संपतं, जन्माचा दाखला पोराला शाळा, दवाखाना सगळीकडं आयुष्यभर लागतो.

एक गोष्ट मात्र मी मान्य करते, या व्यवस्थेत दोष आहेत आणि मोठे आहेत. बांगलादेशात जिथं रोहिंग्यांच्या छावण्या आहेत त्या कॉक्स बाजारमध्ये सुरुवातीला मीटिंगा इंग्रजीत चालायच्या, तिथल्या स्थानिक संस्थांची तक्रार होती की आमच्याच जिल्ह्यात आम्हाला बोलता येत नाही. 2016 मध्ये मोठ्या देणगीदारांनी आणि संस्थांनी कबूल केलं होतं की 2020 पर्यंत 25 टक्के निधी स्थानिक संस्थांच्या हातात देऊ, ते काही झालं नाही. यावर जरूर ओरडा, मी तुमच्याबरोबर ओरडेन. पण मीटिंग इंग्रजीत होते म्हणून मीटिंगच नको, हे कसलं उत्तर झालं? मीटिंग बंगालीत घ्या. आणि सगळा पैसा मधेच जातो म्हणणाऱ्यांनी हेही बघावं की पैसा मुळात येतच किती कमी आहे. 2023 मध्ये त्याच छावण्यांत माणशी महिन्याचं रेशन 12 डॉलरवरून आधी 10 आणि जूनमध्ये 8 डॉलरवर आलं, कारण देणाऱ्यांनी हात आखडला. आठ डॉलरमध्ये वाढत्या वयाच्या पोराचा महिना काढून दाखवावा कुणीतरी.

पुढचा मुद्दा सामानाचा, घरात पडलेलं काहीही पाठवा. आपल्या सोलापूरची पद्धत म्हणजे कुठंही संकट आलं की कडक भाकरी आणि शेंगाची चटणी, आणि ते अगदी योग्य आहे, टिकतं, गरम करावं लागत नाही, मोठ्या माणसाचं पोट भरतं. पण त्या निवारा केंद्रावर भाकरीची थप्पी छातीएवढी आणि कडेवर वर्षाचं लेकरू घेतलेली बाई विचारत होती की याला काय देऊ. दात नाहीत त्याला. शेवटी आम्ही गावातच एका घरी मऊ भात आणि वरण करून घेतलं, आठ लहान लेकरं निघाली, आणि ती आठ आहेत हे मोजायलाच अर्धा दिवस गेला होता.

मग कुणीतरी म्हणालं दूध पावडरचे डबे मागवू. हे तर फारच जपून करायचं काम आहे. 2006 मध्ये इंडोनेशियात योग्याकार्ताला भूकंप झाला, तिथं बाळांसाठी दूध पावडर भरभरून वाटली गेली, आणि नंतर पाहणीत दिसलं की ज्या बाळांना ती मिळाली त्यांच्यात जुलाबाचं प्रमाण बाकीच्यांपेक्षा जवळपास दुप्पट होतं. पाणी खराब, बाटली उकळायला सोय नाही, आणि अंगावर पिणारं बाळ विनाकारण बाटलीवर गेलं. देणाऱ्याच्या मनात पाप नव्हतं हो, पण आजारी बाळ पडलं. म्हणून बाळांच्या दुधाचं काय करायचं हे डॉक्टर आणि आशाताईंना विचारूनच ठरवायचं असतं.

रोगाचंच सांगायचं तर 2017 च्या ऑगस्टनंतर काही महिन्यांत 7 लाखांवर रोहिंग्या बांगलादेशात आले, निम्म्याहून जास्त मुलं, आणि वर्ष संपायच्या आत छावण्यांत घटसर्प पसरला. घटसर्प म्हणजे लहान मुलांचा घसा धरणारा रोग, आपल्या आज्यांना चांगलाच ठाऊक असलेला. तो आवरला तो लसीकरणाच्या मोहिमांनी, आणि त्यासाठी कुठल्या झोपडीत किती वर्षांचं पोर आहे, कुणाला डोस झाला, कुणाचा राहिला, हे माहीत असावं लागतं. याद्या, याद्या म्हणून जे चिडवतात त्यांनी हे लक्षात घ्यावं.

आता त्या मेसेजमधला सगळ्यात धोकादायक भाग. आईबाप नसलेली पोरं थेट घरी आणा. इथं मी जरा जास्त बोलणार आहे.

2007 मध्ये आफ्रिकेतल्या चाड देशात एका फ्रेंच संस्थेची माणसं 103 मुलांना विमानानं फ्रान्सला नेताना पकडली गेली. सांगितलं होतं ही शेजारच्या सुदानमधल्या दारफूरची अनाथ मुलं आहेत. चौकशीत काय निघालं, तर बहुतेक मुलं दारफूरची नव्हतीच, चाडच्याच गावांतली होती, आणि बहुतेकांचे आई किंवा बाप जिवंत होते. 2010 मध्ये हैतीच्या भूकंपानंतर 10 अमेरिकन लोक 33 मुलांना कागदपत्रांशिवाय सीमेपार नेताना सापडले, त्यातही आईबाप असलेली मुलं निघाली. त्या आईबापांना सांगितलं होतं की तुमचं पोर शिकेल, चांगलं खाईल. संकटात सापडलेली आई आणखी काय करणार, देते. रवांडात 1994 मध्ये एक लाखाहून जास्त मुलं घरच्यांपासून तुटली, त्यातल्या कितीतरी मुलांचे फोटो काढून छावण्या-छावण्यांत फलकांवर लावले गेले, नावं नोंदवली, आणि अनेकांचं कुणी ना कुणी सापडलं, आजी, मामा, मोठी बहीण. एखाद्या कनवाळू माणसानं त्या पोराला पहिल्याच आठवड्यात उचलून नेलं असतं तर फलकासमोर उभी राहिलेली आजी कुणाला शोधत बसली असती?

आणि लांब कशाला जायचं. 2021 च्या एप्रिल-मे मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, आपल्या सगळ्यांच्या फोनवर ते मेसेज आले होते, अमुक वयाची मुलगी, आईबाप गेले, ब्राह्मण घरातली आहे, मराठा घरातली आहे, दत्तक घ्यायची असेल तर या नंबरवर फोन करा. मी स्वतः तसा एक मेसेज पुढं पाठवला होता आणि नंतर बाल हक्क आयोगाचा इशारा वाचून अंगावर काटा आला. असं परस्पर मूल देणं-घेणं 2015 च्या बाल न्याय कायद्यानं गुन्हा आहे, आणि त्याला कारण आहे, अशा फोनच्या दुसऱ्या टोकाला मुलं विकणाराही असू शकतो. मूल एकटं सापडलं तर 1098 ला फोन करायचा, जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीसमोर त्याला न्यायचं, आधी नातेवाईक शोधायचे, कुणीच नाही असं ठरलं तरच दत्तकाचा विचार, तोही 'कारा'च्या म्हणजे केंद्र सरकारच्या दत्तक संस्थेच्या नोंदणीतून. वेळ लागतो, मान्य. ज्या जोडप्यांना मूल हवंय त्यांची तळमळ मला दिसते, पण या रांगेतला वेळ हा पोराचं खरं माणूस शोधायला दिलेला वेळ आहे.

राहिला परक्यांशी संबंध काय, हा मुद्दा. अण्णा, तुम्ही दिवाळीआधी कपडे आणायला कोल्हापूरच्या गांधीनगरला जाता. ती जागा म्हणजे आधीचं वळिवडे कॅम्प. 1943 ते 1948 तिथं सुमारे पाच हजार पोलिश लोक राहत होते, जास्त करून बायका आणि मुलं, रशियातल्या छळछावण्यांतून सुटून इराणमार्गे आलेले. त्यांच्या शाळा होत्या, दवाखाना होता. ते गेल्यावर त्याच जागी फाळणीत आलेले सिंधी निर्वासित वसले आणि आजचा कपड्याचा बाजार उभा राहिला. जामनगरजवळ बालाचडीला 1942 मध्ये जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी शेकडो पोलिश मुलांना ठेवून घेतलं. आपण स्वतः पारतंत्र्यात, महायुद्ध चालू, आणि तरी हे झालं, पण एकट्या राजाच्या दिलदारीनं नाही झालं, मुंबईतलं पोलंडचं कॉन्सुलेट, रेड क्रॉस, दिल्लीचं सरकार, संस्थानं, सगळ्यांनी मिळून रस्ता, गाड्या, पैसे यांची सोय लावली. 1971 मध्ये पूर्व पाकिस्तानातून कोटीभर माणसं आली, तेव्हा नोव्हेंबरपासून पत्रावर 5 पैशांचं 'रेफ्युजी रिलीफ' छापलेलं जादा तिकीट लावावं लागायचं. माझ्या सासऱ्यांच्या पत्रांच्या गठ्ठ्यात तशी पाकिटं आहेत. हातमागावर काम करणारा माणूस, पाच पैसे त्याला जड होते, पण तेवढे दिल्याशिवाय पत्र जातच नव्हतं. आणि ज्या सोलापुरात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा जन्म झाला, ज्यांनी चीनमध्ये जखमींची सेवा करता करता 1942 मध्ये प्राण सोडला, त्या गावानं 'आपला काय संबंध' विचारावं हे मला लागतं.

आधी आपली पोरं बघा, हे म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे, बघूच. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की बीड, धाराशिवकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, उसाच्या फडाच्या कडेला त्यांच्या कोप्या म्हणजे झोपड्या पडतात, त्यात शाळेच्या वयाची पोरं असतात. त्यांचं नाव गावाकडच्या शाळेत असतं आणि पोर इथं असतं, तिकडचे मास्तर गैरहजेरी लावतात आणि इकडचे म्हणतात आमच्या पटावर नाही. दोन जिल्ह्यांनी एकमेकांना कळवलं तर पोर वर्गात बसतं, नाही तर ते लहान भावंड सांभाळत कोपीत बसतं. जॉर्डनमध्ये जे अडतं तेच इथं मोहोळच्या फडात अडतं, फक्त सीमेचं नाव वेगळं.

म्हणून पुराच्या ग्रुपवर मी ठरवलंय ते सांगते. या रविवारी आपण चौघी-पाच जणी आणि अण्णा, मुकादमाशी आधी बोलून, दोन कोप्यांवर जाणार आहोत, रिकाम्या हातानं. वही घेऊन. नाव, वय, कुठल्या गावची शाळा, इयत्ता, लस झाली का, चपलेचा नंबर. त्या भागात आणखी कोण काम करतंय तेही विचारून घेऊ आणि यादी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं देऊ. सामान त्यानंतरच्या रविवारी. अण्णा, टेम्पो तेव्हा लागेल, डिझेलचे पैसे आपण वाटून घेऊ.