इगोर लारिओनोव्ह कुठेच टिकला नाही म्हणणाऱ्यांसाठी

गेल्या आठवड्यात एका जुन्या मित्राशी आइस हॉकीवरून वाद झाला. जुना सोव्हिएत खेळाडू लारिओनोव्ह याचं नाव निघालं तसा तो म्हणाला, "खेळायचा छान रे, पण टिकला कुठे? नऊ क्लब, पाच देश. अशा माणसाला कुठल्या गावाने आपला म्हणायचं?" फोनवर सुचलं ते बोललो, पण मन शांत होईना. म्हणून लिहायला बसलो. लांबलंय, सवडीने वाचा.

मोजणी त्याची बरोबर आहे. खिमिक, त्सेस्का, व्हँकुव्हर, लुगानो, सॅन होजे, डेट्रॉईट, फ्लोरिडा, पुन्हा डेट्रॉईट, न्यू जर्सी आणि शेवटी स्वीडनमध्ये ब्रिनेससाठी दोन सामने. पण वयाच्या २८व्या वर्षापर्यंत या माणसाला आपल्या मर्जीने कुठे जाताच येत नव्हतं, हे त्या मोजणीत कुठे दिसतं?

इगोर लारिओनोव्ह जन्मला १९६० मध्ये, मॉस्कोजवळच्या व्होस्क्रेसेन्स्कला. रासायनिक कारखान्यांचं गाव, म्हणून तिथल्या क्लबचं नावच खिमिक, म्हणजे रसायनवाला. १९८१ मध्ये तो त्सेस्कात गेला. हा लष्कराचा क्लब. सैन्यभरती सक्तीची असल्यामुळे देशातला कुठलाही गुणी पोरगा त्यांना उचलता यायचा. तिथे क्रुतोव्ह, लारिओनोव्ह आणि मकारोव्ह हे त्रिकूट जमलं, पाठीशी बचावाला फेतिसोव्ह आणि कसातोनोव्ह. १९८४ आणि १९८८ चं ऑलिंपिक सुवर्ण, चार विश्वविजेतेपदं, १९८१ चा कॅनडा कप. चष्मा लावणारा, बुद्धिबळात रमणारा, शांत माणूस. पुढे सगळे त्याला 'प्रोफेसर' म्हणायला लागले.

आणि हे विश्वविजेते राहायचे कुठे? अर्खांगेल्स्कोयेच्या शिबिरात, वर्षातले दहा-अकरा महिने. घर मॉस्कोत, बायकामुलं घरी, आणि हे तिथून थोड्याच अंतरावर कुंपणाआड. प्रशिक्षक व्हिक्टर तिखोनोव्ह परवानगी देईल तेव्हा घर. नावाला सगळे लष्करी अधिकारी, त्यामुळे उलट बोलणं म्हणजे वरिष्ठांची आज्ञा मोडणं.

ऑक्टोबर १९८८ मध्ये लारिओनोव्हने 'ओगोन्योक' साप्ताहिकात तिखोनोव्हला जाहीर पत्र लिहिलं. त्या वर्षी तो देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरला होता, अंगावर सैन्याचा गणवेश होता, आणि त्याने नाव घेऊन सांगितलं की आम्हाला माणसासारखं वागवलं जात नाही. गोर्बाचोव्हचा काळ होता, वारं बदललं होतं, सगळं खरं. पण वारं किती दिवस टिकेल हे तेव्हा कोणाला ठाऊक होतं? माझ्या लेखी त्याच्या कारकिर्दीतला सगळ्यात मोठा खेळ तो. तिथे बर्फ नव्हता, स्टिक नव्हती, पाठराखण करणारा प्रेक्षकही नव्हता.

१९८९ मध्ये त्याला व्हँकुव्हरला जाऊ दिलं. जाऊ दिलं म्हणजे काय, तर 'सोव्हइंटरस्पोर्ट' ही सरकारी संस्था त्याच्या करारातून आपला वाटा घेणार. तिथे तीन वर्षं तो खेळला, शेवटच्या वर्षी पावेल बुरे नावाचा विलक्षण वेगवान पोरगा मॉस्कोहून आला, त्याला सांभाळून घेतलं. तोवर सोव्हिएत संघ संपला, पण संस्थेची मागणी संपली नाही. मग लारिओनोव्हने काय करावं? जगातली सगळ्यात मोठी लीग, म्हणजे उत्तर अमेरिकेतली एनएचएल, सोडून तो एक वर्ष स्वित्झर्लंडमध्ये लुगानोला खेळायला गेला. माझ्या खेळाचे पैसे यापुढे त्यांना नाही, एवढ्यासाठी. माझ्या मित्राच्या यादीत लुगानो हा नुसता एक आकडा आहे. मला तो त्या पत्राचा पुढचा परिच्छेद वाटतो.

परतला तो सॅन होजेला. हा संघ आदल्या मोसमात ७१ सामने हरला होता! तिथे मकारोव्ह पुन्हा सोबतीला आला, आणि १९९४ च्या प्लेऑफमध्ये या आठव्या मानांकनाच्या संघाने अव्वल डेट्रॉईटला सातव्या सामन्यात घरी बसवलं. गोलजाळ्यात उभा होता लाटव्हियाचा आर्तुर्स इर्बे. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ज्यांना हरवलं त्यांनीच दीड वर्षाने त्याला बोलावून घेतलं. डेट्रॉईटचा प्रशिक्षक स्कॉटी बोमन याने एका मोसमात ५२ गोल केलेला रे शेपर्ड देऊन ३४ वर्षांचा लारिओनोव्ह घेतला, आणि फेतिसोव्ह, फेदोरोव्ह, कोझलोव्ह, कॉन्स्तांतिनोव्हबरोबर त्याला एकत्र उतरवलं. पाचही रशियन. मी १९९६ मध्ये नोकरीसाठी डेट्रॉईटजवळच्या ट्रॉयला आलो तेव्हा ऑफिसात याशिवाय दुसरा विषय नसायचा. आधी काही कळायचं नाही. बाकीचे संघ पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, समोरच्या कोपऱ्यात भिरकावून त्याच्यामागे धावायचे. हे पाच जण पक द्यायलाच तयार नसत. वाट दिसली नाही की चक्क मागे वळत, आपल्याच अर्ध्यात गोल फिरत, आणि बघता बघता एक जण मोकळा झालेला असे. घाई नाही, पण आळसही नाही. लारिओनोव्ह पक घेऊन थांबला की समोरचाच आधी अस्वस्थ व्हायचा.

७ जून १९९७ ची रात्र मी टीव्हीसमोर होतो. डेट्रॉईटला ४२ वर्षांनी स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, मिळाला. कप जिंकला की कर्णधाराने आधी मिरवायचा आणि मग एकेकाच्या हाती द्यायचा, ही पद्धत. कर्णधार यझरमनने तो आधी दिला फेतिसोव्हला. फेतिसोव्ह ३९ वर्षांचा. त्याने लारिओनोव्हला जवळ घेतलं आणि दोघांनी मिळून तो साधारण १६ किलोचा कप डोक्यावर धरून फेरी मारली. अर्खांगेल्स्कोयेच्या कुंपणातले हे दोघे. मला तेव्हा त्यातलं काहीच माहीत नव्हतं, तरी घशात दाटून आलं होतं. सहा दिवसांनी गाडीचा अपघात झाला आणि कॉन्स्तांतिनोव्ह पुन्हा कधी खेळू शकला नाही. त्यावर आज लिहवत नाही.

आता ८ जून २००२. अंतिम लढतीचा तिसरा सामना, रालीत, कॅरोलायनाविरुद्ध. वेळ संपायला सव्वा मिनिट असताना डेट्रॉईटच्या ब्रेट हलने बरोबरी साधली. मग जादा वेळ, पुन्हा जादा वेळ, तिसऱ्यांदा जादा वेळ. पोरांचे पाय उचलत नव्हते. ११५व्या मिनिटाला पक आला ४१ वर्षांच्या लारिओनोव्हकडे. समोरून कॅरोलायनाचा बटाग्लिया अडवायला बर्फावर आडवा झाला. दुसरा कोणीही तिथेच मारून मोकळा झाला असता. हा थांबला. बटाग्लियाला घसरत पुढे जाऊ दिलं, पक किंचित बाजूला ओढला आणि उलट्या हाताने वर उचलला. स्टॅन्ली कपच्या अंतिम लढतीत इतक्या वयाच्या खेळाडूने त्याआधी कधी गोल केला नव्हता.

जाळ्यात होता आर्तुर्स इर्बे.