संबळ, हलगी आणि आमची कंबर

लोककला ही माणसाच्या रक्तात असते, असे ज्या वक्त्याने प्रथम म्हटले असेल त्याने आमच्या कॉलनीतील लोकांचे रक्त तपासलेले नव्हते, याविषयी माझ्या मनात आता शंका उरलेली नाही. अंबाजोगाईच्या पुढे, बालाघाटच्या डोंगरातील एका शेतावर शनिवार-रविवारी लोकनृत्य आणि लोकसंगीताचे शिबिर भरले होते आणि त्यात आमच्या सौभाग्यवतींनी दोघांचीही नावे परस्पर नोंदवली होती. मला फक्त 'हुरडा आहे' एवढेच सांगण्यात आले होते. तो होता, परंतु सरावानंतर.

लेझीम तशी शाळेपासूनच्या ओळखीची. दर 26 जानेवारीला ती हातात यायची, पण तेव्हा कंबरही शाळेतलीच होती. खाली वाकून लेझीम दोन्ही पायांच्या मधून न्यायची आणि पुन्हा सरळ व्हायचे, असा एक हात असतो. त्यातला वाकण्यापर्यंतचा भाग मला उत्तम जमला. डोंगरातल्या गारठ्याने हलगीचे कातडे ढिले पडते, म्हणून वाजवणारे ती आधी जाळावर धरतात आणि मग ती अशी खणखणते की बांधावरची गुरेसुद्धा मान वर करतात. मीही तिच्या शेजारी बराच वेळ शेकत बसलो, पण आमच्यावर त्या उपायाचा काही गुण आला नाही. शेवटी हलगीवाले मामा अतिशय अदबीने म्हणाले, "सर, तुमी तालावर नाचंनात, तालाच्या मागं पळायलाव."

संबळ शिकवायला आलेले गोंधळी बाबा पिढीजात कलावंत होते. कमरेला बांधलेली ती जोडी ते बोलता बोलता सहज वाजवत. माझ्या कमरेला बांधल्यावर मात्र ती हळूहळू गुडघ्यांकडे निघाली, आणि एक हात तिला सावरण्यात गुंतल्यामुळे वादन उरलेल्या एकाच काठीवर करावे लागले. बाबा बोल तोंडाने म्हणून दाखवीत, शिबिरार्थी ते मोबाईलमध्ये साठवीत, आणि वाजवायची वेळ आली की सगळे मोबाईलकडे पाहत. एका ताईंनी तर "याची पीडीएफ मिळेल का?" असे विचारले. बाबा जराही विचलित न होता म्हणाले, "आमची पीडीएफ रातभर चालती, ताई. बसा की."

ती खरोखरच चालली. चौक मांडला, कलश ठेवला, दिवटी पेटवली, आणि तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, जेजुरीचा खंडोबा अशी एकेकाला नाव घेऊन आमंत्रणे सुरू झाली. दिवसभर आमच्याकडून वदवून घेताना कंटाळलेला बाबांचा आवाज आता कुठल्या कुठे गेला होता. लग्नानंतरचा गोंधळ अर्धवट ऐकून झोपायला जाणारा मी त्या रात्री शेवटपर्यंत जागा राहिलो. (पाठ टेकता येत नव्हती, हे कारण गौण समजावे.)

रविवारी गावकऱ्यांसमोर सादरीकरण होते. बांधावर उभी असलेली गावातली पोरे हातात काहीही नसताना आमच्यापेक्षा अचूक लेझीम खेळत होती. संयोजकांनी ऐनवेळी मला बाजूला घेतले आणि माझ्या लेझमीच्या साखळीभोवती, चकत्या वाजू नयेत म्हणून, रुमाल घट्ट गुंडाळला. त्यानंतर आमच्या समूहाचा ताल एकदम सुधारला, असे सौभाग्यवती आता येईल त्या पाहुण्याला सांगतात.