तो ठोसा पर्ल हार्बरच्या आधीचा

कॉमिक्समधला नायक कॅप्टन अमेरिका हिटलरच्या जबड्यावर ठोसा हाणतोय, ते त्याच्या पहिल्या अंकाचं जुनं मुखपृष्ठ सध्या पुन्हा फिरतंय. सोबत मजकूर असा: 'पर्ल हार्बरनंतर अमेरिकन सरकारने प्रचारासाठी काढवून घेतलेलं चित्र.' हे चूक आहे.

अंकावर मार्च 1941 छापलंय, पण तो विक्रीला आला डिसेंबर 1940 मध्ये. अंक स्टॉलवर जास्त दिवस राहावा म्हणून काही महिने पुढची तारीख छापायची तेव्हा रीतच होती. पर्ल हार्बर या अमेरिकन नौदल तळावर जपानचा हल्ला झाला, ज्यानंतर अमेरिका युद्धात उतरली, तो 7 डिसेंबर 1941 ला, म्हणजे जवळपास वर्षभराने. अंक काढला टाइमली या खासगी प्रकाशनाने. पात्र घडवणारे जो सायमन आणि जॅक कर्बी दोघेही ज्यू. युद्धापासून लांब राहा म्हणणारे अमेरिकेत तेव्हा कमी नव्हते, त्यामुळे धमक्याही आल्या. हे कळलं की त्या ठोशाचं वजन वाढतं.

चित्र जरा मोठं करून बघा. मागचा नाझी गोळी झाडतोय, ती ढालीवर आपटून उडतेय. भिंतीवरच्या पडद्यावर अमेरिकेतला दारूगोळ्याचा कारखाना उडवला जातोय आणि खाली पडलेत नकाशा नि घातपाताच्या योजनेचे कागद. शत्रू घरात शिरलाय, हे एकही संवाद न वाचता कळतं.

आणि ढाल गोल नाही, खाली निमुळती होणारी आहे. गोल ढाल दुसऱ्या अंकापासूनची. त्यामुळे 'पहिला अंक' म्हणून गोल ढालीचं चित्र कुणी पाठवलं, तर तेही तपासा.