एका वेळी दोनच पाट

दिवाळी अंकाची पानं लावणाऱ्या बाईला सप्टेंबर-ऑक्टोबरात कवी छळतात, असा सार्वत्रिक समज आहे. कवी बिचारे फार तर एका स्वल्पविरामासाठी रात्री फोन करतात. खरा छळ सुरू होतो तो सगळी पानं लागल्यावर, ती प्रेसला पाठवताना. कारण या कामाबद्दल घरीदारी सगळ्यांचं एकमत असतं: ‘त्यात काय, एका क्लिकचं तर काम!’

आमचे संपादक याच मताचे. प्रेसने फाइली घ्यायला स्वतःचा एफटीपी सर्व्हर ठेवलाय. एफटीपी म्हणजे इंटरनेटवरून फाइली ने-आण करायची जुनी पद्धत. त्याचा पत्ता, युजरनेम आणि पासवर्ड आमच्या अंकाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडलेला आहे आणि त्या ग्रुपवर जाहिरातदारही आहेत. साध्या एफटीपीत पासवर्ड तसाही उघडाच जातो, मग ग्रुपवर टाकला तर काय बिघडलं, असं प्रेसचं म्हणणं. सगळं कुलूपबंद नेणारं एसएफटीपी सुरू करा म्हणून मी दर वर्षी सांगते. ‘दिवाळी होऊन जाऊ दे, मॅडम,’ हे उत्तर दर वर्षी येतं.

तर संपादकांनी तो पत्ता ब्राउझरमध्ये चिकटवला आणि मला फोन केला. “अगं, काहीच उघडत नाहीये. प्रेस बंद पडली की काय?”

प्रेस धडधडत होती. क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनीही २०२१ मध्ये एफटीपीशी संबंध तोडले, एवढंच. आता त्यासाठी फाइलझिलासारखा क्लायंट, म्हणजे आपल्या बाजूचं वेगळं सॉफ्टवेअर, लागतो. डाव्या बाजूला आपलं कपाट, उजव्या बाजूला प्रेसचं, खाली रांगेत उभ्या फाइली आणि वर एक अरुंद पट्टी. त्या पट्टीत आपला क्लायंट आणि प्रेसचा सर्व्हर यांचं संभाषण उमटत असतं. ते कुणीच वाचत नाही. मी वाचते. कवितांच्या प्रुफांनंतर इतका नेमका मजकूर वाचायला मिळणं ही चैन आहे. सर्व्हरचं प्रत्येक उत्तर एका ठरलेल्या आकड्याने सुरू होतं. २२०: तयार आहे. ३३१: नाव कळलं, पासवर्ड द्या. २३०: या आत. २२६: पोचलं. एक विशेषण नाही की एक टिंब-टिंब-टिंब नाही.

या संभाषणाच्या नियमांचा पहिला मसुदा एप्रिल १९७१ मध्ये अभय भूषण यांनी लिहिला. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतले विद्यार्थी, तेव्हा अमेरिकेत एमआयटीत होते. पुढच्या काळात तर एफटीपीवाले इतके सभ्य होते की अनोळखी सर्व्हरवर जाताना युजरनेम म्हणून ‘अनॉनिमस’ लिहायचं आणि पासवर्डच्या जागी आपला ईमेल पत्ता द्यायचा, असा रिवाज होता. निनावी यायचं आणि पत्ता ठेवून जायचं! फुकट सॉफ्टवेअर वाटणाऱ्या विद्यापीठांची विनंती असे की मोठ्या फाइली आमच्या कामाच्या वेळात ओढू नका, आमच्याकडे रात्र झाली की या. लोक घड्याळाचा हिशेब मांडून जात.

त्या लोकांना संपादकांच्या भाच्याशी गाठ घालून द्यायला हवी होती.

भाचा इंजिनीअरिंगला आहे. मी पानं लावत असताना तो माझ्या मागे उभा राहून ‘हे स्लो आहे’ एवढंच म्हणतो. मी कव्हरचं शेवटचं प्रूफ बघत होते, तेव्हा त्याने मामांच्या लॅपटॉपवरून आतली पानं चढवायला घेतली. फाइलझिला मुळात एका वेळी दोनच फाइली पाठवतो. हा आकडा सेटिंगमध्ये दहापर्यंत वाढवता येतो. येतो म्हटल्यावर भाच्याने तो वाढवला.

आता सर्व्हर म्हणजे पंगत असते. पाट मोजके, वाढपी मोजके. प्रेसने एका अंकाला तीन पाट मांडून दिलेले: दोन जेवायला आणि तिसरा पानात काय वाढलंय ते बघायला. तिथे आमचं घराणं दहा माणसं घेऊन घुसलं. तिघं बसले, बाकीच्यांना ४२१: जागा नाही. शहाणा माणूस अशा वेळी पहिली पंगत उठेपर्यंत ओसरीवर थांबतो. फाइलझिलासुद्धा नकार आला की पाच सेकंद दम खातो. भाच्याला पाच सेकंदही फार वाटले. त्याने तिथे शून्य घातलं आणि वर पुन्हा जोडण्याचं बटण दाबत बसला.

प्रेसच्या सर्व्हरने मग कुठल्याही पहारेकऱ्याने केलं असतं तेच केलं. हा पत्ता सारखा दारावर लाथा मारतोय म्हणून त्या आयपीला, म्हणजे आमच्या इंटरनेट जोडणीच्या पत्त्याला, बंदी घातली. संपादक आणि मी एकाच कार्यालयात, एकाच वायफायवर. म्हणजे मीही बाहेर.

“मॅडम,” प्रेसच्या ऑपरेटरचा फोन आला, “तुमच्याकडून व्हायरस आलाय का?”

“नाही,” मी म्हटलं, “भाचा आलाय.”

गंमत म्हणजे दहा जोडण्यांनी वेग वाढतच नव्हता. हजारभर चिमुकले फोटो असते तर गोष्ट वेगळी, तिथे दर फाइलमागची ‘या-बसा’ वाचते. पण आमच्या एकेका फॉर्मची, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापायच्या पानांची, पीडीएफ काही शे एमबीची. अपलोडची लाइन आहे तेवढीच, तिचे दहा वाटे पडले की दहाही फाइली अर्ध्यावर लोंबकळतात. दोनदोन करून पाठवल्या तर निदान पहिला फॉर्म पुरता पोचतो आणि प्रेसवाले त्याच्या छपाईच्या प्लेटा काढायला घेतात. हे मी भाच्याला समजावलं. तो म्हणाला, “बट इट लुक्स फास्टर.” यावर माझ्याकडे २२६ नव्हतं.

बंदी उठेपर्यंत संपादकांना एका लेखात आपलं आडनाव चुकलेलं दिसलं. नवी पीडीएफ काढली, नाव तेच ठेवलं. मग फाइलझिलाने तो प्रश्न विचारला ज्याच्यापुढे भलेभले डोळे मिटून ओके दाबतात: या नावाची फाइल तिथे आहे, काय करू? बदलू, वगळू, नाव पालटू, की जिथे थांबलं तिथून पुढे चालू ठेवू? शेवटचा पर्याय दिसायला सोज्वळ आणि वीज गेल्यावर खरोखर देवासारखा धावून येणारा. पण मधल्या काळात फाइल बदलली असेल तर तो जुन्या धडाला नवं शेपूट जोडून मोकळा होतो, आणि वर २२६ सांगतो. संपादकांचा हात माउसकडे गेला होता. “चालू ठेव म्हणतंय, चांगलंच आहे ना!” मी तो हात वडीलधाऱ्याचा हात बाजूला करावा तसा, म्हणजे चहाचा कप त्यात देऊन, बाजूला केला.

मग कव्हर. प्रेसमध्ये एक हॉट फोल्डर असतो. त्यात पीडीएफ पडली की कुणी न सांगता ती पुढच्या यंत्राकडे जाते. यंत्राला धीर नाही, अर्धी पोचलेली फाइलही ते उचलून पळू शकतं. म्हणून मी आधी शेजारच्या फोल्डरमध्ये भलत्याच नावाने फाइल पूर्ण चढवते, आकार दोन्हीकडे सारखा आहे का बघते आणि मग एका झटक्यात नाव बदलून आत सरकवते. ऑपरेटरने एकदा याचं कौतुक केलं होतं. माझ्या पानांच्या मांडणीचं अजून कुणी केलेलं नाही.

काम झाल्यावर लगेच उठायचं, हाही शिष्टाचार. फाइलझिलाला सांगितलं तर तो जोडणी तुटू नये म्हणून अधूनमधून ‘नूप’ नावाची आज्ञा पाठवतो. तिचा अर्थ काहीही करू नका. सर्व्हर त्यालाही २०० देतो: ठीक, केलं नाही. पण इतर अंक बाहेर ताटकळत असताना रिकाम्या पानावर ताक मागवत बसणं बरं दिसत नाही. मी जोडणी तोडली. सर्व्हर म्हणाला २२१, निरोप. मी फराळाच्या डब्याकडे वळले.

तेवढ्यात संपादकांना मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला एक जाहिरात मिळाली. “तू दमलीस, भाच्याने पाठवली,” ते कौतुकाने म्हणाले. “एका वेळी एकच पाठवली हो! नावसुद्धा मराठीत दिलंय.”

प्रेसचा सर्व्हर जुना, त्याला देवनागरी नावं कळत नाहीत. फोन वाजला.

“मॅडम, नुसत्या प्रश्नचिन्हांची एक फाइल आलीय. कोडी कोणत्या पानावर घ्यायची?”