विंडोज १० वरच थांबा म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

घरातला संगणक नीट चालत असेल तर ऑपरेटिंग सिस्टीमला हात लावू नका, असा एक मेसेज बरेच दिवस फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: विंडोज १० चा सपोर्ट संपला म्हणून संगणक बंद पडत नाही. अँटीव्हायरस असला की पुरे. घरच्या संगणकात चोरण्यासारखं असतं तरी काय? अपग्रेड केलं की फाइली उडतात आणि मशीन रडतखडत चालतं. शिवाय हा सगळा नवा संगणक गळ्यात मारायचा कंपन्यांचा डाव आहे. मेसेज लिहिणाऱ्याची कळकळ खरी असावी, आणि त्यातल्या दोन-तीन मुद्द्यांत तथ्यही आहे. पण तो वाचून अनेकांनी काहीच करायचं नाही असं ठरवून टाकलं आहे, आणि ते मला धोक्याचं वाटतं. म्हणून एकेक मुद्दा घेते.

संगणक बंद पडत नाही, हे अगदी खरं. विंडोज १० आलं २९ जुलै २०१५ ला, त्याचा सपोर्ट संपला १४ ऑक्टोबर २०२५ ला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे संगणक नेहमीसारखे सुरू झाले. फाइली उघडतात, प्रिंट निघते, व्हिडिओ कॉल लागतो. थांबतं ते डोळ्यांना दिसत नाही. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मायक्रोसॉफ्ट सुरक्षेच्या दुरुस्त्या पाठवते. सिस्टीममध्ये सापडलेली छिद्रं त्यांतून बुजवली जातात. सपोर्ट संपला म्हणजे वाढीव मुदत न घेतलेल्या विंडोज १० साठी ही बुजवणी थांबली.

इथे एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. विंडोज १० आणि ११ यांच्या आतला बराचसा कोड सामाईक आहे. ११ मधलं एखादं छिद्र बुजवणारी दुरुस्ती आली की हल्लेखोर दुरुस्तीच्या आधीची फाइल आणि नंतरची फाइल शेजारी ठेवून ताडून बघतात. काय बदललं ते दिसलं की छिद्र कुठे होतं ते कळतं, आणि तेच छिद्र १० मध्ये असेल तर तिथे ते उघडंच असतं. म्हणजे सपोर्ट संपलेली सिस्टीम जशी होती तशीच राहते हे बरोबर, पण ती कुठून फोडायची याची माहिती महिन्यागणिक वाढत जाते. ‘आज काही झालं नाही, म्हणजे उद्याही होणार नाही’ हा हिशेब इथेच चुकतो.

प्रत्यक्षात हे कसं घडतं, याचं उदाहरण २०१७ चं आहे. विंडोजच्या फाइल शेअरिंगच्या भागात एक मोठं छिद्र होतं. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ ला त्याची दुरुस्ती दिली. एप्रिलमध्ये ते छिद्र वापरायचं तयार हत्यार इंटरनेटवर जाहीर झालं. १२ मे ला वॉनाक्राय नावाचं खंडणीखोर सॉफ्टवेअर (फाइली कुलूपबंद करून सोडवायला पैसे मागणारं) त्याच वाटेने पसरलं, आणि ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या रुग्णालयांना ठरलेल्या तपासण्या नि शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. कुणी चुकीच्या लिंकवर क्लिक करायची गरज नव्हती. दुरुस्ती न घेतलेला संगणक नेटवर्कवर असणं पुरेसं होतं. विंडोज एक्सपीचा सपोर्ट २०१४ मध्येच संपला होता, त्यामुळे सर्वसामान्य एक्सपीवाल्यांना मार्चमध्ये दुरुस्ती मिळालीच नाही. हल्ल्यानंतर अपवाद म्हणून ती जाहीर केली गेली.

या प्रसंगातला एक तपशील मात्र माझ्या बाजूच्या लोकांनीही नीट बघायला हवा. वॉनाक्रायचे बहुतेक बळी एक्सपीवर नव्हते, विंडोज ७ वर होते. तेव्हा विंडोज ७ ला सपोर्ट होता आणि दुरुस्ती दोन महिने आधीच आलेली होती. ती लोकांनी बसवलेली नव्हती, एवढंच. म्हणून सिस्टीम नवी की जुनी, यावर मी भांडत नाही. तिला दुरुस्त्या मिळतात का, आणि मिळाल्या तर आपण त्या बसवतो का, एवढंच विचारते. विंडोज ११ घेऊन अपडेट महिनोन्‌महिने पुढे ढकलणारा माणूसही त्याच रांगेत उभा आहे.

घरात राउटर असतो, तो बाहेरून थेट आत येऊ पाहणाऱ्याला बहुधा अडवतो, हे मान्य. त्यामुळे घरच्या संगणकाला तशा हल्ल्यापेक्षा ब्राउझर आणि ईमेलमधून येणारा धोका जास्त. आणि ब्राउझरही कायम साथ देत नाही. विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्ये संपला, त्यानंतर क्रोमने तीनेक वर्षं निभावून नेलं आणि २०२३ च्या सुरुवातीला हात वर केले. तिथून पुढे दुरुस्त्या ना सिस्टीमला ना ब्राउझरला, अशी अवस्था झाली.

अँटीव्हायरसचा मुद्दा लवकर आटोपतो. मेसेजमध्ये म्हटलं आहे की विंडोज १० वरच्या डिफेंडरला, म्हणजे विंडोजसोबतच येणाऱ्या अँटीव्हायरसला, २०२८ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. माहिती बरोबर आहे, तिच्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा. डिफेंडरला मिळते ती घातक फाइली ओळखायची यादी. सिस्टीममधलं छिद्र त्याने बुजत नाही. अँटीव्हायरस स्वतः त्याच सिस्टीमवर चालतो, आणि सिस्टीमच्या गाभ्यातलंच छिद्र हाती लागलेला हल्लेखोर आधी अँटीव्हायरसच बंद पाडायला बघतो. पहारेकरी असावाच, पण त्याच्या भरवशावर दार उघडं टाकून कुणी झोपत नाही.

आता ‘आमच्याकडे चोरण्यासारखं काय आहे?’ हा प्रश्न. तो मनापासून विचारला जातो, म्हणून नीट उत्तर द्यायला हवं. समजा संगणकात फक्त फोटो आणि मुलांचे प्रोजेक्ट आहेत. पण ब्राउझरमध्ये ईमेल उघडा असतो. बँकेपासून वीजबिलापर्यंत सगळ्या खात्यांचे ‘पासवर्ड विसरलात?’ हे मेल त्याच ईमेलवर येतात. म्हणजे ईमेल गेला की त्याला जोडलेली बाकीची खातीही धोक्यात. त्यातही पासवर्ड चोरायची गरज असतेच असं नाही. आपण एकदा लॉगिन केलं की ब्राउझर एक कुकी, म्हणजे लॉगिन झाल्याची खूण, जपून ठेवतो, म्हणून रोज रोज ओटीपी विचारला जात नाही. ती कुकी उचलली की चोराला बऱ्याचदा ओटीपीसुद्धा लागत नाही. आणि खंडणीखोर सॉफ्टवेअरला आपल्या फोटोंची बाजारातली किंमत शून्य असली तरी चालते. ते फोटो आपल्याला किती हवे आहेत यावर त्याचा धंदा चालतो. शिवाय आपला संगणक ताब्यात घेऊन त्यावरून दुसऱ्यांवर हल्ले करता येतात, हा भाग वेगळाच.

फाइली उडतात, या मुद्द्यावर मी मेसेजवाल्यांना खोटं पाडणार नाही, कारण असं घडलेलं आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० चं मोठं अपडेट आलं आणि काही लोकांच्या फाइली खरोखर गेल्या. मायक्रोसॉफ्टला ते काही दिवसांतच थांबवावं लागलं, आणि दुरुस्त करून नोव्हेंबरमध्ये पुन्हा द्यावं लागलं. कारण बघण्यासारखं आहे. अनेकांनी ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डर सी ड्राइव्हवरून डी ड्राइव्हवर वळवलेलं होतं, पण जुन्या जागेवरही काही फाइली राहिल्या होत्या. अपडेटने जुनं फोल्डर रिकामं समजून साफ केलं. ज्यांच्याकडे बॅकअप होता त्यांचा एक दिवस वाया गेला, नव्हता त्यांच्या फाइली गेल्या.

यातून अपग्रेड करू नका असा सल्ला निघत नाही, बॅकअप घेतल्याशिवाय करू नका असा निघतो. बॅकअप म्हणजे एक्स्टर्नल ड्राइव्हवर घेतलेली प्रत, घेऊन झाल्यावर ड्राइव्ह काढून ठेवलेला, आणि दुसऱ्या एखाद्या संगणकावर त्यातल्या चार फाइली उघडून पाहिलेल्या. नुसतं क्लाउडवर सिंक आहे म्हणून निर्धास्त राहू नये, कारण इथे फाइल पुसली की ती तिथूनही जाते. रिसायकल बिनमध्ये मुदतीत सापडली तर नशीब. अपग्रेडनंतर काही बिनसलं तर परत मागे जायची सोयही असते, सेटिंग्जमध्ये सिस्टीम आणि मग रिकव्हरी इथे. मात्र ती साधारणपणे १० दिवसच मिळते. त्या १० दिवसांत जागा मोकळी करण्याच्या नादात ‘विंडोज डॉट ओल्ड’ हे फोल्डर पुसू नका, परतीचा रस्ता तिथेच साठवलेला असतो. आणि त्याच दिवसांत प्रिंटर, स्कॅनर, डाँगलवर (संगणकाला लावायच्या परवान्याच्या छोट्या किल्लीवर) चालणारं जुनं पानं मांडायचं किंवा हिशेबाचं सॉफ्टवेअर, सगळं एकदा चालवून बघा. महिन्याभराने स्कॅनर चालत नाही असं लक्षात येऊन उपयोग नाही.

आणखी एक खबरदारी, जी मेसेजमध्ये नाही आणि असायला हवी होती. अपग्रेडसाठी बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या संगणकाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) बदल करणार असाल तर आधी ड्राइव्ह एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे सांकेतिक कुलूप लावलेला, आहे का ते पाहा. असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. नाहीतर संगणक सुरू करताना निळा पडदा ती की मागत बसतो आणि आपल्याला ती कधी तयार झाली हेही आठवत नाही. अनेकदा ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते, पण अकाउंटचा पासवर्ड त्याच संगणकात अडकला असेल तर पंचाईत.

मशीन मंद होतं, याला माझं उत्तर ‘कुठलं मशीन’ असं आहे. विंडोज ११ ची कागदोपत्री गरज ४ जीबी रॅमची. तेवढ्यावर ते सुरू होतं, पण काम करायचं तर ८ जीबी हवी. संगणकात अजून जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर त्रास होणारच, आणि तो विंडोज १० वरही होतच असणार. तिथे आधी एसएसडी (फिरते भाग नसलेली, वेगवान डिस्क) बसवावी, मग सिस्टीमचा विचार करावा. अपग्रेडनंतर पहिले एक-दोन दिवस सिस्टीम मागे फाइलींची सूची बनवत असते, अपडेट उतरवत असते, तेव्हाच्या वेगावरून मत बनवू नका.

राहिला डाव. इथे मेसेजमधला राग मला समजतो, बऱ्याच अंशी पटतोही. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, सिक्युअर बूट (संगणक सुरू होताना खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय), आणि साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचा किंवा एएमडी रायझन २००० मालिकेपासून पुढचा प्रोसेसर लागतो. त्याआधीचे धडधाकट संगणक या अटींमुळे बाहेर राहिले. चालणारी वस्तू अशी मोडीत काढायला लावणं चूकच आहे, आणि ते कचऱ्याच्या ढिगाऱ्यात भर घालतं. पण त्या रागापोटी छिद्रं उघडी ठेवून नुकसान आपलंच होतं, कंपनीचं नाही. शिवाय नवा संगणक घ्यावाच लागतो, हे मेसेजनेच पसरवलेलं अर्धवट ज्ञान आहे.

‘तुमचा संगणक पात्र नाही’ असं दिसलं म्हणून तिथेच थांबू नका. विंडोज की आणि आर एकत्र दाबल्यावर उघडणाऱ्या रन बॉक्समध्ये टीपीएम डॉट एमएससी (tpm.msc) टाइप करून बघा. अनेक संगणकांत टीपीएम असतो, फक्त बायोसमध्ये बंद ठेवलेला असतो. इंटेलवर तो पीटीटी नावाने आणि एएमडीवर एफटीपीएम नावाने सापडतो. तो चालू केला की पात्रतेचं उत्तर बदलू शकतं, आणि पात्र संगणकाला विंडोज १० वरून ११ चं अपग्रेड फुकट आहे. एक अडचण खरी आहे: तुमचं विंडोज १० ३२ बिटचं असेल तर ते थेट अपग्रेड होत नाही, सगळं पुसून नव्याने टाकावं लागतं, कारण ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं.

प्रोसेसरच जुना असेल तरीही रस्ते आहेत. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० च्या सुरक्षा दुरुस्त्यांना एका वर्षाची वाढीव मुदत जाहीर केली, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर ती पैसे न देता मिळते. हे वर्ष विचार करायला आणि तयारीला वापरावं. ब्राउझर, ईमेल, पत्रं टाइप करणं एवढंच काम असेल तर लिनक्स मिंट किंवा उबुंटू ही विंडोजऐवजी वापरायची फुकट ऑपरेटिंग सिस्टीम तशा संगणकावर छान चालते. उबुंटू २४.०४ ला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळतात. पेन ड्राइव्हवरून आधी चालवून बघता येतं, तेव्हा संगणकातल्या कशालाही धक्का लागत नाही. मराठी टायपिंग, प्रिंटर, वायफाय हे तीन तेव्हाच तपासून घ्या. अटी चुकवून विंडोज ११ बसवायच्या युक्त्या मी सुचवणार नाही: अशा संगणकाला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि अपडेटसाठीच तर हा सगळा खटाटोप.

विंडोज १० वर थांबणं मला एकाच परिस्थितीत पटतं. एखादं जुनं मशीन किंवा सॉफ्टवेअर फक्त त्याच्यावरच चालतं आणि त्याला इंटरनेट लागत नाही, तेव्हा. मग त्या संगणकाची नेटवर्क केबल काढा, वायफाय बंद करा, त्यावर ईमेल उघडू नका, आणि त्यात घालायचा पेन ड्राइव्ह आधी अपडेट असलेल्या संगणकावर तपासून घ्या.